पॅरिसचे सूर, मलकापूरचा भाता

मलकापुरात जुनी वस्तू विकायला निघाली, की ती कुणाची तरी असते. नुसती जुनी वस्तू इथं कुणी विकत नाही. तलवार निघाली तर ती पावनखिंडीतली. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी खिंड अडवली तेव्हा त्यांच्याजवळ फार थोडी माणसं होती, असं आपण शाळेत शिकलो. पण या पंचक्रोशीत ‘खिंडीतली’ म्हणून आजवर विकल्या गेलेल्या तलवारी मोजल्या, तर सिद्दीच्या फौजेनं तिकडं फिरकायचं धाडस कसं केलं हेच कळेनासं होतं. समई निघाली तर ती पंतप्रतिनिधींच्या वाड्यातली. याला निदान थोडा आधार आहे. १८४४ च्या बंडानंतर विशालगडच्या पंतप्रतिनिधींचा मुक्काम गडावरून खाली मलकापुरात आला, तेव्हा बरोबर समया आल्याच असतील. पण बाजारात फिरणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या काही आल्या नसतील.

आणि पायपेटी निघाली, की ती गोविंदराव टेंब्यांची.

ही बातमी मला आमच्या शाखेतल्या शिपायानं दिली. मी काउंटरवर नोटा मोजत होतो. मोजताना माझ्याशी कुणी बोललं तर मी चुकतो, हे त्याला चौदा वर्षांच्या सहवासानं माहीत आहे. म्हणूनच तो तेव्हाच बोलतो.

“सायेब, बाईंची पेटी इकायची हाय. पायाची.”

“कुठल्या बाई?”

“आवो, शाळंतल्या. टेंब्यांची पेटी हाय ती. आख्ख्या गावाला ठावं हाय.”

मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.

मला पायपेटीची हौस लहानपणापासूनची. घरी हातपेटी आहे, तिच्यावर मी गणपतीत आरत्या वाजवतो आणि उरलेलं वर्ष तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. पण हातपेटी म्हणजे एका हातानं भाता आणि एका हातानं गाणं. अर्धा माणूस मजुरीला आणि अर्धा कलेला. पायपेटीचं तसं नाही. तिला टेबलासारखे पाय असतात, खाली दोन पायटे असतात, खुर्चीवर बसून ते आळीपाळीनं दाबले की भाता भरतो आणि दोन्ही हात सुरांना मोकळे. बघणाऱ्याला वाटतं हा गृहस्थ सायकलवरून कुठंतरी चालला आहे. पोचत कुठं नाही, पण चेहरा पोचल्यासारखा असतो.

रविवारी बाईंकडे गेलो. कौलारू घर, पुढं सोपा, सोप्यात कोपऱ्याला पेटी, वर क्रोशाचं पांघरूण, पांघरुणावर फुलदाणी. बाई निवृत्त शिक्षिका. मुलगा पुण्यात. “मुलाच्या फ्लॅटमध्ये मी मावते, पेटी मावत नाही,” असं त्यांनी सांगितलं. त्यात तक्रार नव्हती. मापं घेऊन झालेली दिसत होती.

पेटीची कथा मात्र मला बाईंच्या आधी शेजाऱ्यांनी सांगितली. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली गोविंदरावांनी याच पेटीवर बांधल्या. पुढं नाटक मंडळी रत्नागिरीकडे निघाली असता आंबा घाटाच्या अलीकडे बैलगाडीचा आस मोडला. ओझं कमी करायचं म्हणून पेटी मलकापुरात उतरवली, ती राहिली ती राहिलीच. मंडळींनी पडदे, पेट्या, राजाचं सिंहासन हे सगळं घाटापलीकडे नेलं आणि ज्याच्यावाचून संगीत नाटक होत नाही तेवढं मागं का ठेवलं, याचा खुलासा शेजाऱ्यांकडे नव्हता.

“साठ हजार म्हणतायत पुण्याचे एक जण,” बाई म्हणाल्या. “फोटो बघून. पण त्यांना लेखी पाहिजे. टेंब्यांची आहे असं कुणीतरी जाणकारानं लिहून दिलं तर साठ, नाहीतर नको म्हणतात.”

“मग?”

“तुम्ही बँकेतले. खरं-खोटं तुम्हाला कळतं. पेटीही वाजवता. तुम्हीच बघा आणि लिहून द्या.”

इथं माझी पंचाईत झाली. मी आलो होतो गिऱ्हाईक म्हणून, खिशात पंचवीस हजारांची तयारी ठेवून. आणि बाईंनी मला एकदम परीक्षक केलं. पेटी टेंब्यांची आहे असं लिहून दिलं तर ती पुण्याला जाणार. नाही असं सांगितलं तर भाव उतरणार आणि ती माझ्या घरी येणार. सोनेतारण कर्जात दागिना कसाला लावणाऱ्या सराफानं तोच दागिना स्वतः विकत घ्यायचा नसतो, एवढं कॉमर्सच्या पदवीशिवायही कळतं. मी सांगायला हवं होतं की बाई, मलाच पेटी हवी आहे. मी म्हणालो, “पंधरा दिवस द्या.”

त्या पंधरा दिवसांत मी वाचायला लागलो. पेटी खरी की खोटी हे बघायचं तर पेटी म्हणजे काय हे आधी बघायला हवं, आणि तिथंच पहिली गंमत निघाली. खऱ्या-खोट्याचा वाद हार्मोनियमच्या मागं तिच्या बारशापासून लागलेला आहे. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँनं १८४० साली या वाद्याचं पेटंट घेतलं, आणि शहाणा माणूस, ‘हार्मोनियम’ हे नावसुद्धा आपल्या नावावर करून घेतलं. त्यामुळे पॅरिसमधल्या इतर कारागिरांना तेच वाद्य बनवून त्याला ‘मेलोडियम’ वगैरे म्हणावं लागलं. आडनावानं अलेक्सांद्र असलेली एक पेढी हे मेलोडियम विकत होती. म्हणजे दुकानात जाऊन ‘अलेक्सांद्रची पेटी द्या’ म्हटलं तर कुठली मिळणार याचा भरवसा १८४५ च्या पॅरिसमध्येही नव्हता. मलकापूरला उगाच नावं ठेवू नयेत.

ही पेटी साहेबांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर बोटीतून हिंदुस्थानात आली. चार पायांची, खुर्चीवर बसून वाजवायची. आपला गवई खाली बसणारा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी, ज्यांची ‘द्वारकिन’ ही पेढी १८७५ ची, तिचे पाय काढले, भाता मागं आणून हाताला दिला आणि तिला मांडी घालून बसायला शिकवलं. देशभर ती हातपेटी झाली. आमच्याकडे मात्र संगीत नाटक होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं. पुढं नाटकाच्या साथीत पेटी शिरली, आणि नाटकात पेटीवाला बसणार रंगमंचाच्या पुढ्यात, दोन्ही हातांनी साथ करणार, गाणाऱ्याचा आवाज फाटला तर झाकणार. त्याला पायपेटीच हवी होती. पाठोपाठ ऑर्गन आले. ऑर्गन आणि पायपेटी बाहेरून बहिणी, पण पोटात उलट्या: पायपेटीत भाता वारा बाहेर ढकलतो, अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये आत ओढतो. एक फुंकर घालते, दुसरी सुस्कारा टाकते. ऑर्गनचा आवाज जास्त गोल असतो तो यामुळेच, असं म्हणतात.

गोविंदराव टेंबे हे या सगळ्या प्रकरणाच्या अगदी मध्यावर बसलेले. जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. भास्करबुवा बखल्यांची साथ केलेली, पेटीवर एकट्यानं मैफल रंगवणारा माणूस. ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी निघाली तिच्या मालकांत ते, आणि १९३२ ला कोल्हापुरात प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला त्यात हरिश्चंद्र तेच आणि संगीतही त्यांचंच. एवढा मोठा माणूस इतक्या जवळच्या गावचा असला, की आसपासच्या सगळ्या अनाथ पेट्यांना बाप मिळतो. माझ्या ऐकण्यात आजवर टेंब्यांच्या म्हणून सहा पायपेट्या आल्या आहेत. माणसाला पाय दोन असतात.

आणखी एक गोष्ट वाचली ती आमच्या शेजारच्या सांगलीची, आणि ती वाचून मला बाईंच्या पेटीबद्दल एकदम माया वाटली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्त झाल्यावर लोक रामरक्षा म्हणतात. हे गृहस्थ बावीस श्रुती मोजायला बसले. पेटीचा गंधार आणि तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार एक नसतो. पेटीचा किंचित चढा असतो. तर पेटीच अशी करावी की तिच्यात सगळ्या श्रुती निघतील, म्हणून देवलांनी १९१० ला पुस्तक लिहिलं, अब्दुल करीम खाँसाहेबांकडून सूर गाऊन घेतले आणि क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस साहेबाच्या साथीनं लंडनच्या मूर अँड मूरकडून श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. १९१६ ला बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली आणि तिथं तिला मान्यता मिळाली नाही. भातखंड्यांसारखी माणसं विरुद्ध होती. एक डेप्युटी कलेक्टर, एक न्यायखात्यातला साहेब, एक थोर गवई आणि एक लंडनचा कारखाना एवढे मिळून एका पेटीला ‘खरी’ ठरवू शकले नाहीत. तिथं माझा काय पाड?

पुढं तर सरकारनंच निकाल दिला. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी. लायनेल फील्डन तेव्हा नभोवाणीचे प्रमुख. रवींद्रनाथांचाही पेटीला विरोध होता. पेटी परकी, तिला मींड येत नाही, तिचे सूर पक्के बांधलेले. ही बंदी साहेब गेल्यावरही चालू राहिली. इंग्रजांनी केलेले बरेच कायदे आपण जपले, त्यात हाही. १९७१ ला ती अटींसह सैल झाली. मधली तीस वर्षं रेडिओवर पेटी नव्हती आणि उरलेल्या महाराष्ट्रात पेटीशिवाय काही नव्हतं. भजन, कीर्तन, नाट्यसंगीत, शाळेची प्रार्थना, मुलगी बघण्याचा कार्यक्रम. माझ्या आईनं मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात पेटी वाजवली होती. वडिलांना संगीतातलं काही कळत नव्हतं म्हणून लग्न झालं.

एवढी तयारी करून मी मिरजेच्या एका मिस्त्रींना गाठलं. मिरज तंतुवाद्यांची, तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हे मिस्त्री मात्र पेट्या दुरुस्त करणारे. त्यांना फोनवर विचारलं, “जुनी पेटी खरी कशी ओळखायची?”

“आधी गोष्ट ऐकू नका,” ते म्हणाले. “पेटी उघडा. लाकूड बदलतं, भाता बदलतो, पट्ट्या बदलतात. सूर बघा. आणि सूर घासलाय कुठं ते बघा.”

पेटीच्या धंद्यात रीडला सूरच म्हणतात. एक पितळी पट्टी, तिला लांबट खाच, खाचेवर एका टोकाला रिबिटानं ठोकलेली पितळेची पातळ जीभ. वारा आला की जीभ खाचेतून खालीवर हलते आणि गाते. पूर्वी हे सूर पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. पॅरिसच्या कासरिएलचं नाव जुने पेटीवाले अजून कान पकडून घेतात. पुढं परदेशी माल आटला आणि गुजरातेत पालिताण्याला हातानं सूर घडवणारे कारागीर नावारूपाला आले. आजही चांगल्या देशी पेट्यांत पालिताण्याचे सूर असतात. पण जाहिरातीत ‘पॅरिस सूर’ असं लिहिलं की किंमत वाढते, हे पेटी विकणाऱ्या प्रत्येकाला कळतं. म्हणून पितळेवर अक्षरं ठोकायचा ठसा कुठल्याही गावात मिळतो.

मी एक टॉर्च, एक स्क्रू ड्रायव्हर, सौ.चं भिंग आणि मुलीचा मोबाइल घेऊन गेलो. मोबाइलवर सूर मोजायचं एक यंत्र असतं. ते आधी मी स्वतः गाऊन तपासलं होतं. त्यानं दाखवलेला निकाल मी घरात कुणाला सांगितलेला नाही.

प्रथम पाटी. पेटीच्या कपाळावर पितळेची पाटी, तिच्यावर इंग्रजी अक्षरात ‘पॅरिस’. दिसायला झोकदार. पण ती बसवलेले स्क्रू फुलीचे होते. जुन्या स्क्रूच्या डोक्याला एकच आडवी खाच असते. फुलीचा स्क्रू तो फिलिप्सचा, आणि अमेरिकेत हेन्री फिलिप्सला त्याचं पेटंट मिळालं १९३६ साली. नोटीवर छापलेलं वर्ष आणि सही करणारा गव्हर्नर यांचा मेळ बसत नसेल तर आम्ही नोट बाजूला ठेवतो. मी मनातल्या मनात पाटी बाजूला ठेवली.

मग पट्ट्या. पांढऱ्या पट्ट्यांवरचं आवरण हस्तिदंताचं की सेल्युलॉइडचं? सेल्युलॉइड असेल तर चोळल्यावर कापरासारखा वास येतो. मी अंगठ्यानं पट्टी चोळून नाक खाली नेलं. बाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“वास येतोय का हो? मागच्या पावसाळ्यात उंदीर गेला होता आत.”

“नाही नाही, कापूर,” मी म्हणालो. त्यांनी चहा ठेवला आणि काही न बोलता आत गेल्या. बहुधा देवघराकडे.

सेल्युलॉइडच होतं. त्यानं काळ ठरत नाही. १९११ लाही सेल्युलॉइड होतंच. पण भिंगातून पाहिलं तेव्हा दुसरंच दिसलं. मधल्या सप्तकात पांढरी एकपासून पुढच्या पाच पट्ट्यांना बोटांचे खळगे पडले होते, चांगले चमच्यासारखे. काळ्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या. नाटकात साथ करणाऱ्याला गाणाऱ्याची पट्टी सांभाळावी लागते. आज काळी एक, उद्या काळी चार. काळ्या पट्ट्या अशा नव्या नवरीसारख्या ठेवून ‘मानापमान’ वाजवणारा पेटीवाला जगात झाला नाही. या पेटीवर कुणीतरी वर्षानुवर्षं पांढरी एकमध्ये, तेच पाच-सहा सूर, तेच गाणं वाजवत होतं.

मागची फळी काढली. सांध्यांत काही ठिकाणी जुना तपकिरी सरस होता, टिचकी मारली तर कण उडतील असा. काही ठिकाणी पांढुरकं फेविकॉल. फेविकॉल बाजारात आलं १९५९ ला. पायटे दोन्ही ओतीव लोखंडाचे, पण उजव्यावर वेलबुट्टी आणि डाव्यावर शिवणयंत्राच्या पायट्याची जाळी. म्हणजे पेटी निम्मी पॅरिसची असेल तर निम्मी कुठल्यातरी शिंप्याची.

आणि मग सूर. इथं मी घाम पुसला, कारण इथवर सगळं माझ्या खिशाच्या बाजूनं जात होतं. फळीवरून एक सूर सोडवला आणि टॉर्च धरला. जिभेवर घासल्याच्या खुणा. सूर चढवायचा तर जिभेचा शेंडा घासतात, म्हणजे शेंडा हलका होतो. उतरवायचा तर बुडाशी घासतात. मधल्या सप्तकातल्या सगळ्या जिभा शेंड्याला घासलेल्या होत्या, काही तर दोनदा-तीनदा, वेगवेगळ्या हातांनी. मोबाइलवर त्या सगळ्या हल्लीच्या ४४० च्या मापात आल्या. म्हणजे काहीच कळलं नाही.

मग सहज सर्वांत वरच्या टोकाच्या चार पट्ट्या दाबल्या. त्या टोकाला कोण जातो? आमच्या गायकांचा तिथं काही संबंध नाही. चारीच्या चारी उतरलेल्या निघाल्या, आणि गंमत म्हणजे सारख्याच उतरलेल्या: एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या साधारण पाचव्या हिश्शानं. त्यातले दोन सूर सोडवून भिंगाखाली धरले. जिभांवर कारखान्यातल्या पॉलिशखेरीज एक ओरखडा नाही.

मी पाच मिनिटं गप्प बसलो. फ्रान्सनं १८५९ साली कायदा करून पांढरी सहाचा सूर सेकंदाला ४३५ कंपनांवर बांधला होता. आजचं ४४० माप १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलं. ४३५ आणि ४४० यांत फरक बरोबर तेवढाच, पाचवा हिस्सा. गंजानं किंवा धुळीनं सूर उतरले असते तर एक कमी, एक जास्त उतरला असता. हे चौघं कवायतीला उभे राहिल्यासारखे एका ओळीत होते. मधल्या सुरांना दर दुरुस्तीत कुणीतरी घासून नव्या मापाला आणलं. टोकाचे चौघे कुणी वाजवलेच नाहीत, म्हणून कुणी घासलेच नाहीत. गेली शंभर-सव्वाशे वर्षं ते फ्रेंच कायदा पाळत मलकापुरात बसले होते. कुणी विचारलं नव्हतं म्हणून बोलले नव्हते.

म्हणजे सूर खरे. पाटी खोटी. पाटी खरी करण्यासाठी ती कुणी बसवली, त्या गृहस्थाला हे माहीतच नव्हतं की आत खरंच पॅरिस आहे.

हे बाईंना सांगायचं की नाही? सुरांचं सांगितलं तर भाव चढणार. मला हे कळलं आहे हे बाईंना कळायचं काही कारण नव्हतं. कॅशमध्ये शंभर रुपये जास्त निघाले तर ते परत करणं सोपं असतं, कारण संध्याकाळी कुणीतरी मोजणार असतं. इथं मोजणारा मीच होतो. मी टॉर्च विझवला आणि पुन्हा लावला, कारण भात्याच्या आतल्या बाजूला मला अक्षरं दिसली.

भात्याच्या घड्यांना जिथं जिथं भोकं पडली होती तिथं तिथं आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. कागद शाळेच्या हजेरीपटाचा. उभ्या ओळीत मुलांची नावं, पुढं चौकोन, चौकोनात ‘ह’ आणि ‘ग’. वर महिना आणि साल: ऑगस्ट १९६३. अक्षर वळणदार, शिक्षकी.

“बाई, जरा बघता का?”

बाई वाकल्या, चष्मा सारखा केला आणि खाली बसल्याच.

“अण्णांचं अक्षर,” त्या म्हणाल्या.

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. त्याच शाळेत शिक्षक, आणि रोज अकराला प्रार्थना आणि राष्ट्रगीत पेटीवर वाजवायचे. शाळेची पेटी मोडकी म्हणून स्वतःची आणून ठेवली होती, निवृत्त झाल्यावर परत आणली. पांढरी एकमध्ये वाजवत का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “अण्णांना दुसरीकडे येतच नव्हतं.”

मग मी सगळं सांगितलं. स्क्रू, फेविकॉल, शिंप्याचा पायटा, आणि सूरही. टोकाचे चार, ४३५, फ्रान्सचा कायदा, सगळं. पेटी मला हवी आहे हेही सांगितलं. बोलताना माझा आवाज मलाच कर्जाचा अर्ज नामंजूर करणाऱ्या मॅनेजरसारखा वाटत होता. टेंब्यांची नाही हे मी तीनदा तीन तऱ्हांनी सांगितलं, म्हणजे एकदा तरी बरं वाटेल.

बाईंचं लक्ष भात्याकडे होतं. त्या हजेरीपटातली नावं वाचत होत्या. तिसऱ्या नावाला हसल्या, सातव्याला “अरेरे” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “ते टेंब्यांचं अण्णांनीच सांगितलेलं हो सगळ्यांना. पाटी पण त्यांनीच आणलेली, कोल्हापुरातून, जुन्या बाजारातून.”

“का?”

“पोरं मधल्या सुट्टीत येऊन पट्ट्या बडवायची. चिंचेचे हात, गुळाचे हात. अण्णा छडी मारत नसत. मग एक दिवस सांगितलं, ही गोविंदराव टेंब्यांची पेटी आहे. त्या दिवसापासून एक हात लागला नाही पेटीला. गावात गोष्ट पोरांनी नेली.”

“मग तुम्हाला माहीत होतं?”

“निम्मं. अण्णा घरातही तेच सांगायचे. वाटायचं, पाटी खोटी असली तरी गोष्ट खरी असेल. आम्ही काही विचारलं नाही.” त्यांनी एक कागदाची पट्टी नखानं हळूच उचकटून पाहिली. भात्यातून फुस्स आवाज आला. त्यांनी ती लगेच दाबून बसवली.

लेखी मी दिलं. ‘सूर पॅरिसचे, निदान चार तरी निश्चित, पाटी मागाहूनची, भाता दुरुस्त, मलकापूर, १९६३ च्या सुमारास, गोविंदराव टेंबे यांच्याशी संबंध आढळला नाही, खाली सही करणाऱ्यास ही पेटी स्वतः विकत घ्यायची आहे.’ शेवटची ओळ बाईंना चमत्कारिक वाटली, पण मी ती राहू दिली. पुण्याच्या गृहस्थांना कागदाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं की टेंब्यांची असती तर विचार केला असता. नुसती पॅरिसची काय करायची? मिरजेच्या मिस्त्रींना सुरांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले पस्तीसला घ्या, चाळीसपर्यंत जायला हरकत नाही. मी बाईंना हा आकडा जसाच्या तसा सांगितला. त्या पस्तीसवर थांबल्या. वरचे दहा मी सोसायटीतून कर्जाऊ काढले. कारणाच्या रकान्यात ‘घरदुरुस्ती’ लिहिलं, ते सौ.च्या मते खरं ठरलं, कारण पेटी आत यायला दाराची चौकट काढावी लागली.

बाईंनी पुण्याला जाण्यापूर्वी हजेरीपटाची ती पट्टी मागितली होती. काढली असती तर भाता गेला असता. शेवटी मुलीच्या मोबाइलनं भात्यात हात घालून फोटो काढला, ‘ह’ आणि ‘ग’ स्पष्ट आले तो, आणि त्यांना पाठवला.

पाटी मी काढणार होतो. स्क्रू ड्रायव्हरही हातात घेतला होता. तेवढ्यात संध्याकाळी मेहुणा सहकुटुंब आला. त्याचा पाच वर्षांचा चिरंजीव हातात अर्धा पेढा घेऊन थेट पेटीकडे निघाला. पट्टीवर बोट टेकणार तोच माझ्या तोंडून निघून गेलं,

“अरे अरे! ती कुणाची पेटी आहे माहीत आहे का? गोविंदराव टेंब्यांची!”

पोरगं हात मागं घेऊन उभं राहिलं. मग त्यानं पेढा दुसऱ्या हातात घेतला आणि विचारलं, “ते कधी न्यायला येणारेत?”